क्षाराचा हिशेब : ‘कीटकभक्षी झाडांचं पाणी’ या पुस्तकाची प्रस्तावना

होळीच्या सुमारास कूलरला नवं गवत बसवायचं आणि मृग लागला की ते खरवडून फेकायचं, हा परभणीतल्या घराघरांतला रिवाज. बसवताना पिवळंधमक आणि हलकं असलेलं गवत उन्हाळा सरेपर्यंत पांढरं, कडक, जड झालेलं असतं. नखाने टोकरलं तर खपल्या पडतात. टाकीच्या आतल्या बाजूला पाणी जिथपर्यंत असायचं तिथे चुन्याची रेघ उमटलेली असते. रोज ओतलेलं पाणी तर नितळ होतं. पण उन्हाने आणि पंख्याने पाणी तेवढं उडवून नेलं, आणि त्यात विरघळलेला चुना, मॅग्नेशियम, मीठ सगळं जागच्या जागी राहिलं. त्यावर आपण पुन्हा पाणी ओतलं, ते पुन्हा उडालं, आणखी एक थर चढला.

कीटकभक्षी वनस्पतीच्या कुंडीत हेच घडतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. ही झाडं दलदलीतली. त्यांची कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवायची असते; पाणी खालून चढतं, वरून उडतं आणि क्षार मुळांभोवती अडकून बसतो. मोगऱ्याला, जास्वंदीला असं पाणी वर्षानुवर्षं चालतं, कारण त्यांची मुळं खोल जातात आणि वरून घातलेल्या पाण्याबरोबर क्षार थोडाफार खाली निघून जातो. व्हीनस फ्लायट्रॅपला ते महिन्या-दोन महिन्यांत भोवतं. पानांच्या कडा करपतात, नवे सापळे खुरटे येतात, आणि मग एक दिवस मातीतला कंद मऊ पडलेला सापडतो. झाड गेलं की घरातले म्हणतात, परभणीचं ऊन मानवलं नाही. उन्हाचा वाटा असतोच, पण पहिला संशय पाण्यावर घ्यावा.

हे पुस्तक त्या पाण्याबद्दल आहे. झाडांची रंगीत चित्रं आणि जातींची वर्णनं इंग्रजीत हवी तेवढी मिळतात. मराठीत, आणि तेही मराठवाड्यातल्या पाण्याला धरून लिहिलेलं, काही हाताशी नव्हतं. बाहेरच्या पुस्तकांत ‘पावसाचं पाणी वापरा’ असं एका ओळीत लिहिलेलं असतं. जिथे बारा महिने पाऊस पडतो तिथे ती ओळ पुरते. जिथे पाऊस चार महिने असतो, आणि त्यातही दोन पावसांत वीस-वीस दिवसांची उघडीप पडते, तिथे त्या एका ओळीचं पुस्तक करावं लागतं.

आधी ही झाडं मुळात कुठली, ते पाहू. महाराष्ट्रात ती बघायची तर साताऱ्याजवळच्या कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जावं. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरवरचा हा जांभ्याचा सडा २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गणला जातो. तिथे जांभळ्या फुलांचा जो गालिचा दिसतो त्यात मोठा वाटा ‘सीतेची आसवं’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या युट्रिक्युलारियाचा असतो. फूल नाजूक, टिचभर. जमिनीखाली मात्र बारीक फुगे असतात, आणि पाण्यातला सूक्ष्म जीव जवळ आला की तो फुगा त्याला क्षणार्धात आत ओढतो. त्याच सड्यावर, ओल्या मातीच्या पातळ थरावर, दवबिंदू म्हणजे ड्रॉसेराही असतो. त्याच्या पानांवरच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात, किडा त्यात अडकतो आणि केस हळूहळू त्याच्याभोवती वळतात.

या दोघांनाही किड्यांची गरज पडते ती पाण्यामुळेच. सड्यावर माती जेमतेम बोटभर. वर धो धो पाऊस, खाली कातळ. जे नत्र आणि स्फुरद तयार होईल ते धुऊन निघून जातं. मुळांना मिळतं ते जवळजवळ नुसतं आकाशातलं पाणी. अशा जागी ज्या झाडाने पानातून नत्र मिळवण्याची युक्ती साधली ते टिकलं, आणि त्याच्या मुळांना खारट पाण्याशी झगडण्याची वेळ कधी आलीच नाही. अमेरिकेतल्या कॅरोलायनांच्या वालुकामय पाणथळीतला व्हीनस फ्लायट्रॅप, मेघालयातली घटपर्णी, युरोपातल्या पीटच्या दलदलीतला गोल पानांचा ड्रॉसेरा, सगळ्यांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच.

आता परभणी बघा. खाली दख्खनचा काळा पाषाण, वर काळी कसदार माती, आणि ती खणली की पांढऱ्या चुनखडीचे खडे. कापूस-सोयाबीनला यासारखी जमीन नाही. पण पावसाचं पाणी या मातीतून आणि या खडकाच्या भेगांतून झिरपत विहिरीत किंवा बोअरमध्ये पोचेपर्यंत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट पुरेपूर घेऊन येतं. शहराला नळाने येणारं पाणी पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाचं; ते बोअरपेक्षा बरंच हलकं. तरी दवबिंदूच्या मानाने ते जडच. सड्यावरच्या झाडाला इथे आणणं म्हणजे त्याला त्याच्या सगळ्या सवयींच्या उलट्या गावी नांदायला पाठवणं. कुणी करू नये असं नाही, पण सोय बघून करावं.

आकड्यांत सांगायचं तर पाण्यात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांना टीडीएस म्हणतात; मोजमाप लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, बोलताना ‘पीपीएम’. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ५०० पर्यंत चालवून घेतं आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सूट देतं. कीटकभक्षी झाडं पाळणारे जगभरातले लोक साधारण ५० च्या आत राहायला सांगतात. म्हणजे माणसाला जे पाणी उत्तम, ते या झाडाला दसपट खारट असू शकतं.

पण ५० हा आकडा पाठ करून भागत नाही, आणि या पुस्तकाचा सगळा भर इथेच आहे. समजा ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब अशी एक ताटली आहे, तीत पाच-सहा छोट्या कुंड्या. परभणीच्या मे महिन्यात उघड्या पाण्याचं बाष्पीभवन दिवसाला १० मिलिमीटरच्या पुढे सहज जातं. या ताटलीतून रोज सव्वा लिटरच्या आसपास पाणी उडेल. ते ६०० टीडीएसचं बोअरचं पाणी असेल, तर महिनाभरात वीसेक ग्रॅम क्षार त्या मूठमूठभर मातीत जमा होईल. तेच १५ टीडीएसचं पावसाचं पाणी असेल तर अर्धा ग्रॅम. थंड, दमट हवेच्या गावी जिथे दिवसाला एखादा मिलिमीटरच उडतो, तिथे १०० टीडीएसच्या पाण्यावरही झाड वर्षभर तग धरतं. आपल्याकडे तेच पाणी दहापट वेगाने क्षार साठवतं. म्हणून इंग्लंड-अमेरिकेतल्या लेखकाने ‘एवढं चालतं’ म्हटलेलं परभणीत चालेलच असं नाही. पाण्याचा आकडा, उडण्याचा वेग आणि अधूनमधून वरून पाणी ओतून कुंडी धुण्याची सवय, या तिन्हींचा मिळून हिशेब होतो. फक्त टीडीएस मोजणाऱ्या मीटरकडे बघणारा फसतो.

हे क्षाराचं गणित शेतकऱ्याला नवं नाही. कालव्याचं पाणी आलं, भरमसाट दिलं गेलं, निचरा झाला नाही, आणि चांगली काळी जमीन चोपण झाली, हे गोदावरीच्या खोऱ्यात लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. कुंडी हे त्याच जमिनीचं लहान रूप, फक्त इथे वर्षांचं काम आठवड्यांत होतं. कृषी विद्यापीठाच्या परिसरातल्या कुणाला ही झाडं दाखवली की बोलणं लगेच निचरा आणि सामू यांवर जातं. पुण्या-मुंबईच्या छांदिष्टांशी बोलताना ते जातींवर आणि किमतींवर जातं. मला पहिलं बोलणं जास्त उपयोगी वाटतं.

या विषयाचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण पाण्याची बाब त्यात पहिल्यापासून आहे. व्हीनस फ्लायट्रॅपची पहिली लेखी नोंद १७५९ ची. नॉर्थ कॅरोलायनाचा गव्हर्नर आर्थर डॉब्ज याने लंडनला लिहिलेल्या पत्रात ती सापडते. पुढे जॉन एलिसने या झाडाचं वर्णन करून लिनियसला कळवलं, पण झाड प्राणी पचवतं हे मानायला लिनियस तयार नव्हता. शंभर वर्षांनी, १८६० च्या उन्हाळ्यात, चार्ल्स डार्विनचं लक्ष ससेक्समधल्या माळावरच्या ड्रॉसेराकडे गेलं आणि पंधरा वर्षं अधूनमधून प्रयोग करून त्याने १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवरचा ग्रंथ छापला. त्यातलं सगळ्यात चकित करणारं प्रकरण अमोनियाच्या क्षारांवरचं आहे. अमोनियम फॉस्फेटचा एका ग्रेनच्या सुमारे दोन कोटींव्या भागाएवढा अंशही पानाच्या केसाला वळवायला पुरतो, असं त्याने मोजून दाखवलं. स्वतः डार्विनलाच ते खरं वाटेना. हे द्रावण तो ऊर्ध्वपातित पाण्यात करायचा आणि तुलनेसाठी काही पानं नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवायचा. या झाडांसाठी पाण्याची परीक्षा तिथून सुरू झाली असं म्हणता येईल. त्याचा मित्र जोसेफ हूकर याने १८७४ मध्ये बेलफास्टला घटपर्णीच्या पचनावर व्याख्यान दिलं. त्या काळात इंग्लंडच्या श्रीमंतांत काचघरांतून घटपर्णी वाढवण्याचं वेड पसरलं होतं, आणि वेच घराण्याच्या रोपवाटिकेने बोर्निओपर्यंत माणसं पाठवून त्या आणवल्या.

आपल्याकडचं काम मुख्यतः वनस्पतिशास्त्रज्ञांचं. १९९२ मध्ये एम. के. जनार्दनम आणि ए. एन. हेन्री यांचा भारतातल्या युट्रिक्युलारियांवरचा ग्रंथ भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने काढला. जनार्दनम पुढे गोवा विद्यापीठात होते, आणि पश्चिम घाटातल्या एका युट्रिक्युलारियाला श्रीरंग यादव, मिलिंद सरदेसाई आणि गायकवाड यांनी त्यांचंच नाव दिलं. मराठवाड्यापुरतं पाहायचं तर वि. ना. नाईक यांनी १९९८ मध्ये दोन खंडांत मांडलेली मराठवाड्याची वनस्पतिसंपदा हाच अजून पहिला आधार. या सगळ्या ग्रंथांत झाड कुठे सापडतं हे असतं. ते घरी कसं जगवावं हे त्यांचं काम नव्हे.

घरी जगवण्याची विद्या वेगळ्या रस्त्याने वाढली. १९७२ मध्ये अमेरिकेत काही हौशी आणि काही अभ्यासक मंडळींनी कीटकभक्षी वनस्पतींसाठी एक छोटं नियतकालिक सुरू केलं. आजची त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था त्यातूनच उभी राहिली. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झालं, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात तो मोठा दुष्काळ पडला. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी हे पुस्तक लिहिताना मला त्या एकाच पानावर दिसत राहिल्या. पुढे एड्रियन स्लॅकचं पुस्तक १९७९ मध्ये आणि पीटर डमॅटोचं १९९८ मध्ये आलं, आणि पाळणाऱ्यांची एक सर्वसाधारण रीत ठरून गेली: पीट आणि गारगोटीची वाळू, खत अजिबात नाही, ताटलीत उभं पाणी, आणि ते पाणी क्षारविरहित.

हे क्षारविरहित पाणी आणायचं कुठून, यावर मात्र पंथ पडले. त्यांची ओळख इथे करून देतो, कारण नवखा माणूस सल्ला विचारायला गेला की यातल्या कुठल्या ना कुठल्या पंथाच्या हाती लागतो.

सगळ्यात जुना पंथ पावसाचा, आणि तो फक्त झाडवाल्यांचा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात द्रव पदार्थांवरचा एक अध्याय आहे आणि त्याची सुरुवात पाण्यापासून होते. त्यात आकाशातून पडणाऱ्या पाण्याचे प्रकार सांगून परीक्षा दिली आहे: चांदीच्या भांड्यात शिजवलेल्या भाताचा पिंड घेऊन पाऊस पडत असताना मुहूर्तभर बाहेर ठेवायचा, त्याचा रंग बिघडला नाही तर ते पाणी ‘गांग’, बिघडला तर ‘सामुद्र’. साठवायचं ते गांग, आणि तेही आश्विनात धरलेलं. भाताच्या पिंडाची परीक्षा आजच्या मीटरच्या जागी ठेवायला मी सांगणार नाही. पण आश्विनाचं म्हणणं परभणीतही खरं ठरतं. मृगाच्या पहिल्या सरी उन्हाळाभरची धूळ, धूर आणि पक्ष्यांची घाण घेऊन पत्र्यावरून उतरतात. हवा आणि छप्पर दोन्ही धुऊन झाल्यावर जे पडतं ते साठवण्याजोगं. उत्तरेचा, हस्ताचा पाऊस चांगला झाला तर त्यातलं धरलेलं पाणी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवावं.

किती धरायचं याचा अंदाज लोक फार मोठा करतात आणि नाद सोडून देतात. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. दहा चौरस मीटरचा पत्रा, वीस मिलिमीटरची एक चांगली सर, त्यातले पहिले दोन मिलिमीटर सोडून दिले, तरी एका संध्याकाळी निळा दोनशे लिटरचा ड्रम भरत येतो. वर सांगितलेल्या एका ताटलीला ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, थंडी-उन्हाळ्याची सरासरी धरून, रोज पाऊण लिटरच्या आत पाणी लागतं. म्हणजे एक ड्रम, वर एखादी बादली. घरातल्या इतर वापरापुढे हे काहीच नाही.

अडचण पावसात नसते, छपरात असते. आपल्याकडे उन्हाळ्यात स्लॅब तापू नये म्हणून गच्चीला चुन्याचा हात देतात. त्या गच्चीवरून उतरलेलं पाणी दिसायला स्वच्छ, पण मीटर लावला की आकडा वर जातो आणि सामूही चढतो. नवीन सिमेंटचंही तेच. म्हणून पुस्तकात पत्रा, कौल, स्लॅब आणि ताडपत्री यांच्या पाण्याची तुलना सविस्तर केली आहे. ज्याच्याकडे फक्त स्लॅब आहे त्याने चार काठ्यांवर प्लास्टिकचा कागद ताणून त्याचं पाणी धरावं, हे माझं मत. ड्रम झाकलेला हवा, उन्हात नको, आणि आधी त्यात कीटकनाशक किंवा रंग असलेला तर मुळीच नको. झाकण नसेल तर डेंग्यूचे डास त्यात पैदास करतात. किडे खाणाऱ्या झाडांच्या हौसेपायी डास वाढवणं हा उफराटा धंदा होईल.

दुसरा पंथ आरओचा, आणि आज सर्वांत मोठा. तालुक्याच्या गावीही घरात आरओ असतो, नाहीतर दाराशी थंड पाण्याचा जार येतो. लोकांना वाटतं, आरओचं म्हणजे शुद्ध. पण पिण्याच्या आरओत पाण्याला चव यावी म्हणून पडद्यातून गाळलेल्या पाण्यात थोडं मूळ पाणी पुन्हा मिसळतात, किंवा खनिजांची नळी लावतात. बोअरचं पाणी जड असेल तर नळाशी १०० ते १५० चा आकडा सहज मिळतो. पडद्याच्या लगेच पुढे, मिश्रणाच्या आधी, तंत्रज्ञाकडून एक छोटी तोटी काढून घेतली तर तेच यंत्र झाडाजोगं पाणी देतं. हे छोटं काम आहे, पण ते कुणी आपणहून सुचवत नाही. जाराच्या पाण्याचा भरवसा नाही. आज ६० तर उद्या २००. आणि लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर खारट पाणी नाल्यात जातं, त्याचं काय करायचं, हा प्रश्न आरओच्या पंथाला टाळता येत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये, ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्यावर आरओला बंदी घालावी असे निर्देश केंद्राला दिले, ते याच नासाडीमुळे. ते पाणी फरशी पुसायला, संडासाला वापरावं. बागेला घालू नये, कारण चार महिन्यांत तिथेही कूलरच्या गवतासारखा थर चढेल.

तिसरा पंथ ऊर्ध्वपातनाचा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला जे पाणी दुकानात मिळतं त्याचा आकडा शून्याच्या आसपास असतो. गरजेला ते बरं. पण डबा नीट वाचून घ्यावा, कारण त्याच फळीवर बॅटरीचं आम्लही असतं. रोज वापरायला ते महाग पडतं. या पंथाची खरी गंमत आहे सूर्याच्या भट्टीत. काळ्या तळाचं उथळ पात्र, वर तिरकी काच, आत कुठलंही खारं पाणी; ऊन पाणी उडवतं, वाफ काचेवर थिजून पन्हळीत उतरते. १८७२ मध्ये चिलीतल्या लास सालिनास इथे अशी काचेची भलीमोठी शेडं उभारून खाणीवरच्या खेचरांना पाणी पुरवलं होतं. भावनगरच्या केंद्रीय लवण व सागरी रसायन संशोधन संस्थेने आपल्याकडे त्यावर बरंच काम केलं. चांगल्या उन्हात एक चौरस मीटरची भट्टी दिवसाला दोन-तीन लिटर देते. जे ऊन ताटलीतलं पाणी पळवतं आणि क्षार मागे ठेवतं, तेच ऊन इथे क्षार मागे ठेवून पाणी आपल्या हाती देतं. आणि गरज ज्या महिन्यात सर्वाधिक, त्याच महिन्यात भट्टी सर्वाधिक देते. परभणीच्या माणसाला याहून सोयीचं काय असेल? पावसाळ्यात पाऊस आणि उन्हाळ्यात ही भट्टी, असा माझा कल आहे, आणि पुस्तकात तो लपवलेला नाही.

एसीचं पाणी हा उपपंथ. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतो, पण धूळ आणि नळीतला चिकटा असतो. सुरुवातीचं पाणी टाकून द्यावं आणि एसी धुतल्यावर तर आठवडाभर वापरूच नये. परभणीत त्याचा एक विनोद आहे. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की एसीतून थेंबही नाखुशीने येतो, आणि जुलैत भरपूर येतो तेव्हा बाहेर पाऊसच पडत असतो.

बाकी जे सल्ले फिरत असतात ते मी एका दमात निकालात काढतो. पाणी उकळून जडपणा थोडा उतरतो, पण उरलेला क्षार उलट घट्ट होतो. तुरटीने गढूळपणा बसतो, विरघळलेलं काही निघत नाही. रात्रभर बादलीत ठेवल्याने क्लोरीन जातं, कॅल्शियम जात नाही. सॉफ्टनरमध्ये कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, जे या झाडांना आणखी वाईट. लिंबू किंवा व्हिनेगर घातल्याने सामू उतरतो, क्षार तिथेच. माठ, कापड, वाळूचा थर, सगळं पिण्यापुरतं ठीक. लिंबाचा एक उपयोग मात्र जरूर करावा: कुंडीत घालायच्या वाळूवर तो पिळून बघावा. बुडबुडे आले तर वाळूत चुनखडी आहे. मग पाणी कितीही निर्मळ घाला, वाळूच त्यात चुना सोडत राहील. नदीच्या वाळूवर हे बुडबुडे आले तर नवल मानू नये.

नळाच्याच पाण्यावर झाडं वाढवणारा एक बंडखोर पंथही आहे, आणि तो सगळाच खोटा नाही. सगळ्या कीटकभक्षी झाडांना मऊ पाणी लागतं हे विधान ढोबळ आहे. मेक्सिकोतल्या बऱ्याच पिंग्विक्युला चुनखडीच्या आणि जिप्समच्या कड्यांवर वाढतात. सारावाकमधली नेपेंथिस नॉर्थियाना ही घटपर्णी चुनखडीच्या डोंगरावरच सापडते. अशा झाडांना आपल्या पाण्यातला चुना तितका खुपत नाही. मात्र मेक्सिकोच्या पिंग्विक्युलांना ४३ अंशांची दुपार सोसत नाही, म्हणून त्या घरातल्या गार खिडकीतच. नवख्याने सुरुवात कुठून करावी, यावर पुस्तकात एक संबंध प्रकरण आहे. त्यात फ्लायट्रॅपला मी पहिलं स्थान दिलेलं नाही, हे आधीच सांगतो. बियांपासून वाढणारा, उष्णतेला सरावलेला ड्रॉसेरा बर्मानी हा त्याच्याहून शहाणा सोबती आहे.

या विषयाला आत्ताच पुस्तक का हवं? एक कारण साधं आहे. ही झाडं आता कुरिअरने कुठेही पोचतात. दहा वर्षांचं पोर मोबाईलवर सापळा मिटताना बघतं, आईबापांकडे हट्ट धरतं, आणि आठवड्याने डबा दारात येतो. त्याबरोबर पाण्याविषयी एक चिटोरं असतं, नाहीतर तेही नसतं. दुसरं कारण जास्त मोलाचं. या झाडाच्या निमित्ताने घरात काहीशे रुपयांचा टीडीएस मीटर येतो, आणि मग ते पोर तो नळाला, बोअरला, जाराला, कूलरला, शेजारच्या विहिरीला लावत सुटतं. आपण काय पितो हे त्या घराला बहुधा पहिल्यांदाच आकड्यात कळतं. मीटरच्या मर्यादा मी नीट सांगितल्या आहेत: तो वीजवाहकता मोजून क्षाराचा अंदाज देतो, कुठला क्षार ते सांगत नाही, आणि पाण्यात कीटकनाशक किंवा जंतू असले तरी तो गप्प राहतो. आकडा कमी म्हणजे पाणी पिण्यालायक, असा अर्थ कुणी काढू नये.

एक आक्षेप मला ऐकवला गेला आहे आणि तो रास्त आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा मुलखात शोभेच्या झाडासाठी पाणी ‘तयार’ करायचं, हे चोचले नाहीत का? पाणी आरओने करून तिप्पट वाया घालवायचं असेल तर आहेतच. म्हणून या पुस्तकात आरओचं प्रकरण छोटं आहे, आणि पाऊस धरणं आणि सूर्याची भट्टी यांना निम्म्याहून अधिक पानं दिली आहेत. पत्र्यावरून वाहून गटारात जाणाऱ्या पाण्यातला एक ड्रम कुणाच्या घागरीतून काढलेला नसतो. टंचाईच्या वर्षी झाडांची संख्या निम्मी करावी, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

हे पुस्तक काय करत नाही तेही सांगायला हवं. कास, आंबोली किंवा कुठल्याही सड्यावरून झाड उपटून आणण्याबद्दल यात एक शब्दही नाही, आणि नसणारच. दवबिंदू उपटला की बहुधा घरी पोचेपर्यंत मरतो. मेघालयातल्या घटपर्णीचा आंतरराष्ट्रीय व्यापार तर सर्वांत कडक यादीखाली येतो. रोपवाटिकेत बियांपासून किंवा उतिसंवर्धनाने वाढवलेलीच रोपं घ्यावीत. औषधी उपयोगांचा विषयही मी बाजूला ठेवला आहे.

शेवटच्या पानांवर कोरे तक्ते दिले आहेत: तारीख, पाणी कुठलं, टीडीएस, ताटलीत किती घातलं, कुंडी वरून कधी धुतली. माझे आकडे परभणी शहरातले आहेत. जिंतूरच्या अजिंठा डोंगररांगेकडे, गंगाखेड-सोनपेठच्या गोदाकाठी किंवा पाथरी-मानवतच्या कालव्याखालच्या गावांत पाणी वेगळं असेल. तिथल्या वाचकांनी माझे आकडे खोडून स्वतःचे लिहावेत. निदान एक वर्षाचा तक्ता, मृग ते मृग, पूर्ण भरल्याशिवाय दुसरी ताटली घेऊ नये.